तार षड्ज नसलेली नळी

नीट जुळवलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली, की एका षड्जासोबत बरंच काही ऐकू येतं. तार षड्ज येतो, त्याच्यावरचा पंचम येतो आणि कान तयार असेल तर स्वयंभू गंधारही येतो. जवळजवळ प्रत्येक सुरेल वाद्य असे उपस्वर सोबत आणतं. त्यांच्या कमीअधिक प्रमाणामुळेच डोळे मिटूनही सनई कुठली आणि सारंगी कुठली हे आपल्याला कळतं. क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांत एक विलक्षण गोष्ट घडते. पंचम आणि गंधार तिथे भरघोस असतात, पण तार षड्ज जेमतेम असतो. त्या सुरांत जी पोकळ, गडद घुमार जाणवते, तिचं मूळ या उणिवेत आहे. एखाद्या वाद्याचं सौंदर्य त्याच्यात जे नाही त्यावर इतकं उभं असावं, ही मला या वाद्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

कारण नळीच्या आकारात आहे. क्लॅरिनेटची आतली पोकळी बहुतांश सरळ असते. तिचा व्यास साधारण १५ मिलिमीटर असतो आणि खालच्या टोकाकडे ती फाकते. वरच्या टोकाला मुखपट्टी, म्हणजे माउथपीस, असते आणि तिच्यावर एक पातळ पत्ती, म्हणजे रीड, बांधलेली असते. वादक फुंकतो तेव्हा रीडच्या टोकाशी जेमतेम एक मिलिमीटरची फट उघडी असते, म्हणून ध्वनिलहरींना ते टोक बंदच वाटतं. बंद टोकाशी हवेचा दाब सर्वांत जास्त हेलकावतो, तर उघड्या टोकाशी तो बाहेरच्या हवेइतकाच राहतो. या दोन अटी पाळायच्या, तर नळीत पाव लहर बसते, पाऊण बसते, सव्वा बसते. अर्धी किंवा अख्खी लहर बसूच शकत नाही. सम क्रमांकाचे उपस्वर गळतात ते इथे. तार षड्ज हा दुसरा उपस्वर असल्याने पहिला बळी त्याचाच जातो.

पाव लहर पुरत असल्यामुळे आणखी एक गोष्ट साधते. पाश्चात्त्य बासरी आणि क्लॅरिनेट लांबीला जवळपास सारख्याच, सदुसष्ट सेंटिमीटरच्या आसपास. बासरीचा सर्वांत खालचा सूर २६२ हर्ट्झच्या जवळ थांबतो, क्लॅरिनेट मात्र १४७ हर्ट्झपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक सप्तक खाली उतरते. बासरी दोन्ही टोकांना उघडी, तिला अर्धी लहर लागते. क्लॅरिनेटच्या एवढ्याशा काठीतून असा खोल सूर निघतो तो पाव लहरीमुळे.

मग सनईचं काय? तिची पत्तीही ते टोक बंदच करते. पण सनईची पोकळी शंकूसारखी रुंदावत जाते आणि शंकूत सम-विषम सगळेच उपस्वर नांदतात. सॅक्सोफोनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. अडॉल्फ सॅक्स हा स्वतः क्लॅरिनेट घडवणारा कारागीर. १८४६मध्ये पेटंट घेतलेल्या त्याच्या नव्या वाद्याला त्याने तशीच एकेरी रीड दिली, पण नळी शंकूची ठेवली. रीड तीच असूनही आवाजाची जात बदलली. सॅक्सोफोन जोरात फुंकला तर वरचा षड्ज लागतो, आणि क्लॅरिनेटवर तीच क्रिया केली तर तार सप्तकातला पंचम.

हा पंचमाचा उडीस्वर वाद्य घडवणाऱ्यांना फार महागात पडला. सप्तकानं उडी मारणाऱ्या वाद्यात सात शुद्ध स्वरांची भोकं पुरतात, तीच बोटं वरच्या सप्तकात पुन्हा वापरता येतात. इथे मात्र षड्जापासून तार पंचमापर्यंतची सगळी जागा स्वतंत्र भोकांनी भरावी लागते, आणि तेवढी बोटं माणसाला नाहीत. क्लॅरिनेटच्या अंगावरची चाव्यांची गर्दी या गरजेतून आली. न्यूरेंबर्गचा योहान क्रिस्टोफ डेनर याला या वाद्याचा जनक मानतात. त्याच्या काळात शालुमो नावाचं एक छोटं रीडवाद्य होतं. त्याचे खालचे सूर गोड, पण वर चढायची सोय नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला दोन चाव्या जोडल्या गेल्या आणि वरचा प्रदेश खुला झाला. क्लॅरिनेटच्या खालच्या पट्टीला आजही शालुमो हेच नाव आहे.

वरच्या पट्टीत नेणारी चावी म्हणजे मुखपट्टीजवळचं एक बारीक भोक. आदर्श जागा म्हणजे नळीच्या बंद टोकापासून एक तृतीयांश अंतर. पण सुरागणिक नळीची कामाची लांबी बदलते, आणि भोक तर एकच. म्हणून काही सूर थोडे चढतात, काही उतरतात. कारागीर पोकळीला वरच्या बाजूने अगदी सूक्ष्म उतार देऊन ती चूक सांभाळून घेतो. त्याचा हात इथे कळतो. १८४३च्या सुमारास पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि कारागीर ब्युफे यांनी चाव्यांची जी रचना बसवली ती फ्रान्स आणि पुढे बहुतेक जगाने घेतली. जर्मनी आणि ऑस्ट्रियातले वादक वेगळ्या चाव्यांच्या, वेगळ्या पोकळीच्या वाद्याशी एकनिष्ठ राहिले. त्यांचा आवाज अधिक घट्ट असतो.

लाकडाविषयी मतं फार ठाम असतात. चांगली क्लॅरिनेट आफ्रिकन ब्लॅकवूडची असते. टांझानिया-मोझांबिकमधलं हे झाड आपल्या शिसवीच्या कुळातलं, आणि त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. आवाजातली ऊब या लाकडातून येते, असं वादक सांगतात. जॉन बॅकस या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९६४मध्ये नळीच्या भिंतींची कंपनं मोजली. ऐकू येणाऱ्या आवाजात त्यांचा वाटा जवळजवळ शून्य निघाला. आवाज करते ती आतली हवा. तरीही या लाकडाचं मोल मला कमी वाटत नाही. त्याचा पोत इतका घट्ट, की पोकळी आरशासारखी गुळगुळीत होते, भोकांच्या कडा अचूक कापता येतात आणि श्वासाच्या ओलीतही माप फारसं बदलत नाही. आवाज मापात असतो आणि लाकूड ते माप राखतं. २०१७पासून या कुळातली सगळी झाडं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधाखाली आली; तयार वाद्यांना त्यातून २०१९मध्ये सूट मिळाली.

रीडचं मात्र तसं नाही, तिथे थेट आवाजच बदलतो. दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागात वाढणाऱ्या अरुंडो डोनॅक्स या उंच गवताच्या कांड्या वाळवून, तासून रीड बनते. तिचं टोक एक दशांश मिलिमीटर इतकं पातळ असतं. हळू वाजवलं तर रीड फट पूर्ण न मिटता हलते आणि आवाज जवळजवळ निव्वळ मूळ स्वराचा, मऊ राहतो. फुंकर वाढली की ती प्रत्येक कंपनात मुखपट्टीवर आपटून फट बंद करते, आणि वरचे उपस्वर झपाट्याने जागे होतात. कुजबुजीपासून किंचाळीपर्यंतचा एवढा मोठा पल्ला फुंकून वाजवायच्या फार थोड्या वाद्यांना लाभला आहे.

विषम उपस्वरांचा नियम सगळीकडे सारखा लागू नाही, हेही सांगायला हवं. सुमारे १५०० हर्ट्झच्या वर ध्वनिलहरी उघड्या भोकांच्या रांगेपाशी परतत नाहीत, सरळ बाहेर पडतात. म्हणून वरच्या उपस्वरांत सम-विषम असा भेद उरत नाही, आणि वरच्या पट्टीतला आवाज पोकळ न राहता उजळ होतो. खालच्या टोकाचा फुलासारखा भोंगा बघणाऱ्याला मुख्य वाटतो, पण तो कामाला येतो ते सर्वांत खालच्या काही सुरांपुरता. बाकीच्या सुरांचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच भोकांतून बाहेर पडलेला असतो.

या आवाजाने मोठमोठ्यांना वळवलं. मोत्सार्टने अखेरच्या वर्षी, १७९१मध्ये, आपला क्लॅरिनेट कन्चेर्टो आंतोन श्टाडलरसाठी लिहिला. रचना थांबवायच्या विचारात असलेल्या ब्राम्सने रिचर्ड म्यूलफेल्डचं वादन ऐकलं आणि १८९१मध्ये त्याच्यासाठी त्रिकूट आणि पंचक लिहिलं, १८९४मध्ये दोन सोनाटा. आपल्याकडे क्लॅरिनेट लष्करी आणि लग्नाच्या बँडमधून रुजली, तंजावरच्या दरबारातून कर्नाटक संगीतात शिरली. ए. के. सी. नटराजन यांनी तिच्यावर राग वाजवले आणि २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

चाव्यांच्या वाद्यावर गमक आणि मींड कशी काढायची, हा प्रश्न इथल्या वादकांना रोजचा. बोट भोकावरून सावकाश सरकवायचं हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं २००९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. संगीतकार गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ या रचनेच्या सुरुवातीचा क्लॅरिनेटचा लांबलचक चढता सूर वाजवताना निष्णात वादक जीभ आणि घसा हलवून तोंडातल्या पोकळीचा अनुनाद हव्या त्या सुरावर आणतात, आणि रीड नळीऐवजी तोंडाचं ऐकू लागते. नवशिक्याला हे जमत नाही.