'टर्मिनेशन' म्हणजे काय?

रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्या मुलाच्या हाती इंग्रजी पत्र पडते. त्यात 'टर्मिनेशन' असा शब्द असतो. घरचे लोक त्याचा एकच अर्थ लावतात : पोराला हाकलले, म्हणजे त्याने काहीतरी आगळीक केली असणार! हा अर्थ त्या शब्दात नाही.

त्याचे मूळ लॅटिन 'टर्मिनस'. टर्मिनस म्हणजे शीव, दोन शेतांमधला खुणेचा दगड. रोमन लोक त्याला देव मानीत आणि २३ फेब्रुवारीस दोन्हीकडचे शेजारी एकत्र येऊन त्याला हार घालीत, नैवेद्य दाखवीत. शिवेवरच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे नारळ फोडणाऱ्या आपल्या मंडळींना यात परके काही वाटू नये.

आपले शिरूर आणि दौंड तर शिवेवरचेच. शिरूरला घोड आणि दौंडला भीमा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो व अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, लागतो. जिल्हा 'संपतो' म्हणजे त्याची हद्द येते, एवढेच. भाषापंडित टर्मिनसचे नाते तरून जाणे या अर्थाच्या संस्कृत 'तॄ' धातूशी जोडतात. नदी उतरण्याची जागा ते 'तीर्थ', हाही शब्द त्याच धातूचा.

शाळेची 'टर्म', कराराच्या 'टर्म्स', मुंबईचे रेल्वे 'टर्मिनस' ही सारी त्याच घरची मंडळी. इंग्रजीत 'एंड' पावसाचाही होतो. 'टर्मिनेट' बहुधा नोकरी, करार, भाडेपट्टा असले काही होते. 'बडतर्फी'ला इंग्रजीत 'डिसमिसल' असा निराळा शब्द आहे.

तेव्हा पत्रात कारण काय दिले आहे ते पाहावे. शिस्तभंगाची शिक्षा, नोकरकपात आणि मुदत भरणे या तिन्हींना पत्रात टर्मिनेशनच म्हणतात. हक्क मात्र निरनिराळे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपातीसाठी, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगारास, एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या दर पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन ठरविले होते. १९८४ मध्ये मात्र मुदतीचा करार संपणे या व्याख्येतून वगळले गेले, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कपातीबाहेरच राहिले. म्हणून नेमणुकीचे पहिले पत्र जपून ठेवावे. मुदत लिहिली असेल तर ती त्यातच असते.