शिबपूरचे वनस्पतिउद्यान : पुनरुज्जीवन, नोंद आणि नाव

एखाद्या जुन्या वनस्पतिउद्यानाचे पुनरुज्जीवन करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता उद्यानविद्येचा आहे. पडलेली झाडे हलवावीत, तळी उपसावीत, वाटा दुरुस्त कराव्यात आणि नवी रोपे लावावीत, एवढेच त्याचे उत्तर असते, तर तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांसमोर तो मांडण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु वनस्पतींची विविधता राखण्यासाठी उद्यान पुन्हा उभे करावयाचे असते, तेव्हा निराळेच प्रश्न पुढे येतात. ही वनस्पती कोठून आली? तिला हे नाव कोणी दिले? आज या नावाने आपण जिला ओळखतो, ती तीच आहे काय? जुन्या संहितांवर काम करणाऱ्याला हे प्रश्न परके नाहीत. हावडा शहरातील शिबपूर येथे हुगळीच्या पश्चिम तीरावर असलेल्या वनस्पतिउद्यानाच्या आधारे या प्रश्नांचे स्वरूप स्पष्ट करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. उपवन आणि वनस्पतिउद्यान

उपवनात झाड असते. वनस्पतिउद्यानात झाडाबरोबर त्याची नोंद असते. या दोहोंतील मूलभूत भेद एवढाच, पण तो निर्णायक आहे. वनस्पतिउद्यानातील प्रत्येक रोपाला एक दाखलक्रमांक दिला जातो. त्या क्रमांकापुढे रोपाचे शास्त्रीय नाव, ते बी अथवा कलम कोणत्या स्थळाहून, कोणी व केव्हा आणले, ते उद्यानात कोठे लावले आणि पुढे त्याचे काय झाले, हे लिहिले जाते. शक्य असेल तेव्हा त्याच वनस्पतीचा वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात ठेवला जातो, म्हणजे नावाविषयी शंका निघाल्यास पडताळा घेता येतो. ही नोंद हरवली, तर झाड सावली देत राहते, फुलतही राहते. परंतु संरक्षणाच्या कामी त्याचे मोल जवळजवळ संपते. कोणत्या रानातले हे बी, हे ठाऊक नसेल तर ते कोणत्या रानात परत न्यावे हे सांगता येत नाही.

यावरून पुनरुज्जीवनाची व्याख्या थोडी बदलते. रोप आणि त्याची नोंद यांचे तुटलेले नाते पुन्हा जोडणे हा पुनरुज्जीवनाचा गाभा होय. उद्यानाचे बाह्य रूप सुधारणे त्यामानाने सोपे असते.

२. एकावर एक बसलेले थर

शिबपूरच्या उद्यानाचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. कर्नल रॉबर्ट किड याच्या प्रस्तावावरून ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ मध्ये ते स्थापन केले. १७७० च्या दुष्काळाने उद्ध्वस्त झालेल्या बंगालमध्ये साबुदाण्याचा माड आणि खजूर यांसारखी अन्न देणारी झाडे आणून वाढवावीत, कंपनीच्या जहाजांसाठी सागाची आणि व्यापारासाठी इतर उपयुक्त झाडांची लागवड करावी, असा किडचा विचार होता. दुर्मिळ वनस्पतींचे जतन हा त्याचा उद्देश नव्हता. हुगळीकाठच्या त्या जमिनीत साग नीट वाढला नाही, आणि उद्यानाच्या जमिनीचा एक भाग १८२० मध्ये बिशप्स कॉलेजकडे गेला.

१७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग अधीक्षक झाला आणि कंपनीच्या या रोपवाटिकेला शास्त्रीय संग्रहाचे रूप येऊ लागले. त्याच्या काळात येथे वाढणाऱ्या सुमारे ३,५०० जातींची यादी ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या नावाने १८१४ मध्ये सेरामपूर येथे छापली गेली. त्याने हिंदी चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रे काढवून घेतली. चित्रांखाली रॉक्सबर्गचे नाव चालत आले. ज्यांच्या हातून ती उतरली, त्या बहुतेक चित्रकारांची नावे मात्र नोंदीत उरली नाहीत.

त्यानंतर नॅथॅनिएल वॉलिक आला. तो रजेवर असताना १८४० च्या दशकाच्या पूर्वार्धात विल्यम ग्रिफिथ याने कुळांनुसार शास्त्रीय मांडणी करण्यासाठी जुनी झाडे मोठ्या प्रमाणावर तोडली. १८४८ मध्ये तेथे आलेल्या जोसेफ हूकरने आपल्या प्रवासवर्णनात या नासधुशीबद्दल तीव्र खेद व्यक्त केला आहे. पुढे १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी उरलेसुरले वृक्ष आडवे केले. १८७१ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या जॉर्ज किंगने तळी खोदून त्या मातीने सखल जमीन उंचावली, वळणदार रस्ते आखले आणि नवी लागवड केली. आज अभ्यागताला दिसते ते उद्यान मुख्यतः किंगचे आहे. १८९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनस्पति सर्वेक्षण या संस्थेचा पहिला संचालकही तोच होता. १९६३ मध्ये उद्यान याच संस्थेच्या ताब्यात आले. २००९ मध्ये त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. २० मे २०२० रोजी आलेल्या अम्फान चक्रीवादळात येथील शेकडो झाडे कोसळली आणि १८६४ चा प्रश्न नव्याने उभा राहिला : पडलेल्या झाडाच्या जागी कोणते झाड लावावे?

३. मूळ कोणते मानावे?

पुनरुज्जीवनाच्या चर्चेत ‘पूर्वीचे वैभव परत आणणे’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. परंतु पूर्वीचे म्हणजे केव्हाचे? किडचे, रॉक्सबर्गचे की किंगचे? किडचे उद्यान परत आणणे म्हणजे वसाहतवादी व्यापाराची रोपवाटिका परत आणणे होय. रॉक्सबर्गचे उद्यान आज केवळ याद्या, चित्रे आणि वाळवलेले नमुने यांतच आहे. किंगची तळी व रस्ते जपावेत हे योग्य. पण त्याच्या मनात भूदृश्याचे सौंदर्य जितके होते तितका धोक्यातील जातींचा विचार नव्हता, कारण तो विचारच पुढील काळातला.

पाठचिकित्सेच्या क्षेत्रात हा पेच सुपरिचित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. स. सुखटणकरांनी आपण व्यासांची मूळ संहिता परत मिळवीत आहोत असा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवर जाणे आणि प्रत्येक पाठभेदाची नोंद तळटीपेत राखणे, ही त्यांची मर्यादा होती आणि तीच त्यांची शिस्तही होती. उद्यानाच्या पुनरुज्जीवनालाही हीच भूमिका उपकारक ठरते. एका काळाला मूळ ठरवून इतर थर खरवडण्यापेक्षा प्रत्येक झाड कोणत्या थरातले आहे हे नोंदवावे. आणि नव्याने काय लावावे याचा निर्णय मात्र आजच्या गरजेवरून, म्हणजे कोणत्या जाती धोक्यात आहेत यावरून घ्यावा.

आजची गरज काय, याविषयी एक आंतरराष्ट्रीय मापदंड उपलब्ध आहे. जैविक विविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २००२ मध्ये वनस्पतिसंरक्षणाचे जागतिक धोरण स्वीकारले. धोक्यातील वनस्पतींपैकी किमान ६० टक्के जाती २०१० पर्यंत त्यांच्या अधिवासाबाहेरील संग्रहांत, शक्यतो त्यांच्या मूळ देशातच, राखल्या जाव्यात असे त्यात म्हटले होते. पुढील दशकासाठी हे प्रमाण ७५ टक्के करण्यात आले. ‘मूळ देशातच’ हा निर्देश भारतासारख्या देशाच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे. येथील वनस्पतींचे पहिले नमुने मोठ्या संख्येने लंडनला गेले. जिवंत संग्रह तरी येथे असावा, ही अपेक्षा रास्त म्हटली पाहिजे.

४. जिवंत प्रतीची अडचण

हस्तलिखिताशी केलेली ही तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. हस्तलिखिताची नक्कल झाली की मूळ प्रत जीर्ण झाली तरी पाठ उरतो. झाडाचे तसे नसते. उद्यानात शेजारीशेजारी लावलेल्या जवळच्या जातींचे परागकण एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्या बियांपासून निघणारी रोपे संकरित असू शकतात. पाटीवर जुने नाव तसेच राहते, रोप मात्र वेगळेच असते. अनेक प्रतींतील पाठ एकत्र करून लेखकाने तयार केलेल्या मिश्र हस्तलिखितासारखाच हा प्रकार आहे. म्हणून धोक्यातील जातीचे बी उद्यानातच धरण्याऐवजी नोंद असलेल्या नैसर्गिक स्थळाहून आणणे, अथवा फुलोऱ्याला पिशवी बांधून हाताने परागीकरण करणे आवश्यक ठरते.

दुसरी अडचण संख्येची आहे. शिबपूरचा महावट जगप्रसिद्ध आहे. बुरशीची लागण झाल्याने त्याचे मुख्य खोड १९२५ मध्ये काढून टाकावे लागले; त्यानंतरही तो साडेतीन हजारांहून अधिक पारंब्यांवर विस्तारत राहिला. परंतु पाहणाऱ्याला ते अरण्य वाटले तरी आनुवंशिक दृष्ट्या ते एकच झाड आहे. याच उद्यानात १८९४ मध्ये लावलेला सेशेल्स बेटांवरील जोडनारळाचा मादी वृक्ष आहे. या जातीत नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. नर झाड नसल्याने परदेशातून पराग आणून कृत्रिम परागीकरण करावे लागले, तेव्हा कोठे त्याला फळ धरले. एकेक झाड दाखवण्यास पुरते. जाती राखण्यास निरनिराळ्या स्थळांहून आलेली अनेक झाडे लागतात.

तिसरी गोष्ट बंगालमधील तालिएरा ताडाची. रॉक्सबर्गने स्थानिक नावाचा आधार घेऊनच या जातीला शास्त्रीय नाव दिले. हा ताड आयुष्यात एकदाच, अनेक दशकांनी फुलतो आणि फळे पिकली की मरतो. बीरभूम जिल्ह्यातील ज्ञात असा शेवटचा रानटी वृक्ष १९७९ मध्ये फुलला. शेंड्यावर उभा राहिलेला तो अपूर्व फुलोरा पाहून गावकऱ्यांना भुताटकीची शंका आली आणि बी पिकण्यापूर्वीच त्यांनी झाड तोडले. ढाका विद्यापीठाच्या आवारातील एका झाडाला २००८ मध्ये फुलोरा आला; त्याच्या बियांपासून रोपे तयार झाली. रानातून ती नामशेष झाल्याचे मानले जाते. येथे दोष गावकऱ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु एकेकाळी शास्त्राला नाव पुरवणाऱ्या प्रदेशातच ते झाड अनोळखी कसे झाले, हा खरा प्रश्न आहे.

५. नावांचे उत्तरदायित्व

येथे साहित्याचा व भाषेचा अभ्यासक या कार्यात थेट सहभागी होऊ शकतो. भारतीय वनस्पतिशास्त्राचे आरंभीचे ग्रंथ बहुभाषिक आहेत. १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ मध्ये इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोकणी वैद्यांचेही साक्ष्य आहे, आणि ते नागरी लिपीतील कोकणीत छापलेले आहे. रॉक्सबर्गच्या ग्रंथांत लॅटिन नावांबरोबर संस्कृत, बंगाली, हिंदुस्तानी व तेलुगू नावे येतात. ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ छापून घेणारा विल्यम केरी हा तर मराठीच्या अभ्यासकांना चांगलाच परिचित आहे. १८०५ चे मराठी व्याकरण आणि पंडित वैजनाथांच्या साहाय्याने तयार झालेला १८१० चा मराठी-इंग्रजी कोश त्याचाच. कोश आणि वनस्पतियादी ही एकाच मुद्रणालयातून, एकाच माणसाच्या देखरेखीखाली निघालेली कामे आहेत.

या नावांकडे दुर्लक्ष झाल्याचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. अशोकाचेच उदाहरण घ्यावे. विल्यम जोन्सच्या स्मरणार्थ रॉक्सबर्गने या वृक्षाच्या प्रजातीला जोन्सिया हे नाव दिले आणि जातीसाठी संस्कृत ‘अशोक’ शब्द ठेवला. प्रजातीचे नाव पुढे बदलून साराका झाले, ‘असोका’ टिकले. ‘मालविकाग्निमित्रा’त स्त्रीच्या पदस्पर्शाने फुलणारा अशोक तो हाच, मराठीत ज्याला सीताअशोक म्हणतात. आज शहरांतून अशोक म्हणून ओळखला जातो तो रस्त्याकडेचा सरळसोट हिरवा वृक्ष सर्वस्वी वेगळ्या कुळातला आहे. ही गल्लत वाचकाची कल्पना बिघडवते एवढेच नव्हे. औषधी बाजारात खऱ्या अशोकाच्या सालीत या दुसऱ्या झाडाच्या सालीची भेसळ होते. खरा अशोक मात्र सालीसाठी ओरबाडला जातो आणि आंतरराष्ट्रीय यादीत तो ‘असुरक्षित’ गणला गेला आहे.

याच्या उलट उदाहरण घाणेरीचे. अमेरिकेतील हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी याच उद्यानात आणले गेले असे मानले जाते. त्यानंतर ते देशभर पसरले आणि सह्याद्रीच्या उतारांवरही त्याने ठाण मांडले. मराठीने त्याला दिलेले नाव लोकांचे मत स्पष्टपणे सांगते. पुनरुज्जीवनाच्या आराखड्यात कशाचे जतन करावयाचे याबरोबरच काय उपटून टाकावयाचे याचाही निर्णय असावा लागतो, याची आठवण हे नाव करून देते.

समारोप

शिबपूरसारख्या उद्यानाच्या पुनरुज्जीवनाची कामे तीन दिशांनी चालावी लागतील. पहिली जमिनीवरची : नदीशी जोडलेल्या तळ्यांतील गाळ काढणे, सांडपाणी रोखणे, वादळात टिकाव धरील अशा रीतीने वृक्षांची मांडणी करणे. दुसरी संग्रहाची : प्रत्येक झाड मोजून, त्याचे नाव संग्रहालयातील नमुन्यांशी ताडून, दाखलनोंद पुन्हा सिद्ध करणे. शेजारच्या केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयात सुमारे वीस लक्ष नमुने असल्याने हे काम तेथे शक्य आहे. तिसरी भाषेची : जुन्या ग्रंथांतील देशी नावे आजच्या शास्त्रीय नावांशी जुळवून झाडाजवळच्या पाटीवर आणि नोंदवहीत आणणे.

पहिली दोन कामे वनस्पतिशास्त्रज्ञांची आहेत. तिसरे काम संस्कृत काव्य, मध्ययुगीन निघंटु, मिशनऱ्यांचे कोश आणि लोकगीते वाचू शकणाऱ्यांच्या साहाय्यावाचून पुरे होणार नाही. तालिएरा ताड ज्या गावात उभा होता तेथे कोणाला त्याचे नाव ठाऊक असते, तर कदाचित बी पिकेपर्यंत लोक थांबले असते.