वाडी, वीटभट्टी आणि सातबारा

रायगड जिल्ह्यातील दारिद्र्याचा सर्वांत खोल थर कातकरी वाड्यांवर सापडतो. पेण आणि रोहा तालुक्यांत या वाड्या डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, मूळ गावापासून थोड्या अंतरावर वसलेल्या आहेत. याच तालुक्यांत डोलवीचा पोलाद कारखाना आहे, धाटावची औद्योगिक वसाहत आहे, देशोदेशी जाणाऱ्या गणेशमूर्तींचा व्यवसाय आहे. जिल्ह्याचे सरासरी आकडे या संपन्नतेवर ठरतात आणि वाडी त्या सरासरीत दिसेनाशी होते. केंद्र सरकारने महाराष्ट्रातील तीन जमातींना अतिमागास आदिम जमाती मानले आहे. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबरची तिसरी जमात कातकरी.

खैराच्या लाकडापासून काथ काढणे हा या जमातीचा जुना धंदा. १८७८च्या वनकायद्याने जंगले राखीव होऊ लागली, तसा खैरावरचा हक्क गेला आणि शिकार, कंदमुळे, मध यांवरही बंधने आली. वनखात्याने डोंगरउतारावरचे काही तुकडे दळी म्हणून नाचणी-वरीसाठी कसायला दिले. पण त्या जमिनीची मालकी कसणाऱ्याकडे आली नाही. जंगलातून उठलेला माणूस सपाटीवरच्या शेतमालकाच्या दारी मजूर म्हणून आला. मजूर हाताशी असावा म्हणून मालकाने त्याला आपल्याच वरकस जमिनीवर झोपडी बांधू दिली. आजच्या अनेक वाड्यांचा उगम असा आहे.

पुढची सगळी गुंतागुंत या झोपडीच्या जागेत आहे. स्वातंत्र्यानंतर कोकणातली खोती गेली, १९४८चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. कातकरी मात्र बहुतेक ठिकाणी कूळ नव्हता, गडी होता. त्याचे नाव पीकपाहणीला कधी लागलेच नाही. वास्तविक त्याच कायद्यात शेतमजूर आणि कारागीर यांच्या राहत्या घराच्या जागेलाही संरक्षण दिलेले आहे. ते वापरायचे तर अर्ज, पुरावा आणि तहसील कचेरीचे हेलपाटे लागतात. ज्याचा रोज बुडाला की चूल थंड पडते, त्याच्याकडून हे होत नाही. परिणामी तीन-चार पिढ्या नांदलेल्या वाडीच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचेच नाव राहते. महामार्ग, रेल्वे आणि कारखान्यांमुळे जमिनीचे भाव चढले. जमीन विकली गेली की नवा मालक कुंपण घालतो, वाट बंद होते, कोसळलेली भिंत पुन्हा उभारायलाही मनाई होते.

पायाखाली जमीन नसलेल्याला काम निवडता येत नाही. पावसाळ्यात भातलावणी आटोपली की मजुरी थांबते, घरातले धान्य संपते, आजारपणे सुरू होतात. याच दिवसांत वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर ती फेडायला कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात. कोळशासाठी घाट ओलांडून पार कर्नाटकापर्यंत जावे लागते.

भट्टीवर मजूर एकेकटा मोजला जात नाही, नवरा-बायकोची जोडी मोजली जाते. आदल्या दिवशी माती भिजवून ठेवायची, पहाटे अंधारात उठून ती तुडवायची, साच्यातून विटा पाडायच्या; ऊन चढले की पोरांनी त्या पलटायच्या. दर हजार विटांवर असतो. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते, बाकीचा हिशोब हंगाम संपल्यावर. वही मुकादमाकडे असते. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या तर ते श्रम हिशोबात धरले जात नाहीत. पावसाच्या तोंडावर जोडी वाडीवर परतते तेव्हा पुष्कळदा काही रक्कम ‘अंगावर’ राहिलेली असते. ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते.

कायद्याच्या भाषेत ही वेठबिगारी आहे. १९७६च्या कायद्याने ती संपुष्टात आणली आणि अशी सर्व कर्जे रद्द ठरवली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले, की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे सक्तीचेच काम होय. वेठबिगार शोधण्याची आणि सोडवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. तरीही उचल हा राजीखुशीचा व्यवहार आहे असे आजही सर्रास म्हटले जाते. भादव्यात उपाशी असलेल्या माणसाच्या होकाराला राजीखुशी म्हणणे हा अन्याय आहे.

याची सर्वांत मोठी किंमत मुले मोजतात. दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत रिकामी झालेली जागा थेट पावसाळ्यात भरते, तोवर वर्ष वाया गेलेले असते. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा चालवून यावर उपाय शोधला. मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे हा दुसरा मार्ग. पण तान्ह्या भावंडाला सांभाळणारी मुलगी आईबरोबर जातेच.

रायगडची आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही. पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, पण जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे शेजारच्या ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यातील ग्रामसभांना १९९६च्या पेसा कायद्याने मिळालेले अधिकार इथल्या वाड्यांना नाहीत. शिवाय वाडी मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीत मोडते आणि तिथे तिची मते थोडी पडतात. म्हणून २००६च्या वनहक्क कायद्याचे महत्त्व इथे अधिक. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन चार हेक्टरपर्यंत आदिवासीच्या नावे होऊ शकते, आणि पट्ट्यावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लागते. दळी जमिनींसाठी उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने रायगडात दीर्घकाळ लढा दिला आहे. पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. भूदानासाठी देशभर पायी फिरलेल्या माणसाच्या तालुक्यात घराखालच्या जागेसाठी अजून अर्ज करावे लागतात, ही गोष्ट मनाला लागते.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत आदिम जमातींसाठी पक्की घरे, रस्ते, पाणी आणि वीज यांची तरतूद आहे. पण पक्के घर बांधायला जागा लागते, आणि खासगी सातबाऱ्यावरच्या वाडीत काम तिथेच अडते. महसूल संहितेनुसार गावठाणाच्या हद्दी ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वाडीची मोजणी करून ती गावठाणात घेणे, मालकाला मोबदला देऊन जागा संपादित करणे, किंवा जवळची सरकारी जमीन देणे, हे तिन्ही मार्ग उपलब्ध आहेत. त्यांची सुरुवात मोजणीपासून होते; आणि मोजणी भट्टीच्या हंगामात ठेवली, तर आपले घर दाखवायला वाडीवर म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणी नसते. ती पावसाळा उतरताच, मुकादमाच्या गाड्या येण्याआधी पुरी व्हावी लागते.