विंडोज १०ची मुदत संपल्यावर

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. यवतमाळ, पुसद, वणीतल्या घरांतले जुने लॅपटॉप त्यानंतरही चालतातच. फक्त मुदतवाढीची नोंदणी केली नसेल, तर सुरक्षेतल्या नव्या भगदाडांची दुरुस्ती मिळत नाही. जून २०१७मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक सॉफ्टवेअरने न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. त्याने वापरलेल्या विंडोजमधील भगदाडाची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती!

घरच्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपसाठी विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली सुचवली जाते ती यामुळे. त्यात सॉफ्टवेअर सहसा अधिकृत भांडारातून येते, यंत्रणेत बदल करायला पासवर्ड लागतो आणि विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस सहसा चालत नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या ‘बॉस’ लिनक्समध्ये मराठीची सोय आहे. डीटीपीची जुनी मराठी सॉफ्टवेअर मात्र बहुधा विंडोजलाच बांधलेली. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे.

खरा धोका आता मोबाइलवर अधिक. पीएम-किसान किंवा आरटीओ चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी बनावट एपीके फाइल अँड्रॉइडसाठीच बनवलेली असते, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. म्हणून मोबाइलमध्ये ‘अनोळखी ॲप’ बसवण्याची मुभा बंद ठेवावी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.