पाळी गेल्यावर सारखी ‘उन्हाळी’ लागते? दर वेळी ते इन्फेक्शन असेलच असं नाही

पाळी जाऊन चार-पाच वर्षं झालेली असतात. महिन्याची कटकट संपली म्हणून जरा बरं वाटत असतं. आणि मग लघवीला जळजळ सुरू होते. घरात कुणीतरी म्हणतं, “उन्हाळी लागली असेल.” धण्या-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा होतो, बार्ली होते. दोन दिवस आराम, की पुन्हा तेच. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जळजळीची गोळी येते. ती बहुतेक वेळा अँटिबायोटिक असते. पाच दिवसांचा कोर्स तीन दिवसांत सोडला जातो आणि दोन महिन्यांनी सगळा फेरा पहिल्यापासून.

या सगळ्याच्या मागे आणखी एक त्रास असतो, जो बाई कुणालाच सांगत नाही. लघवीच्या आसपासची जागा कोरडी पडलेली असते. खाज येते, चालताना कपडा घासला तरी चुरचुरतं, नवऱ्याशी संबंध ठेवताना दुखतं. ‘उन्हाळी लागली’ हे चारचौघांत सांगता येतं, कोरडेपणा मात्र बहिणीलाही सांगवत नाही. त्यामुळे डॉक्टरांपर्यंत अर्धीच तक्रार पोहोचते आणि इलाजही अर्ध्याच तक्रारीवर होतो.

खरं तर हे दोन्ही त्रास बऱ्याचदा एकाच कारणाने होतात.

इस्ट्रोजेन कमी झालं की नेमकं काय होतं?

पाळी थांबते तेव्हा अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन खूप कमी होतं. योनीमार्गाची त्वचा जाड, ओलसर आणि ताणली जाईल अशी राहते ती या हार्मोनमुळे. ते गेलं की त्वचा पातळ होते, रक्तपुरवठा घटतो, ओलावा कमी होतो. मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भागही इस्ट्रोजेनवरच अवलंबून असतो. म्हणून योनीमार्गाचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ अनेकदा जोडीने येतात. सारखी घाई होणं, रात्री दोन-तीनदा उठावं लागणं, खोकताना थेंब जाणं, हे सगळं याच यादीत येऊ शकतं.

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू राहतात. दह्यातल्या जिवाणूंच्याच नात्यातले. इस्ट्रोजेन असताना तिथल्या पेशींमध्ये साखरेचा साठा असतो. त्यावर हे जिवाणू जगतात आणि आंबटपणा तयार करतात. त्या आंबटपणात रोगजंतूंना पाय रोवता येत नाही. इस्ट्रोजेन घटलं की साखर कमी, जिवाणू कमी आणि आंबटपणाही कमी. मग आतड्यातले ई-कोलायसारखे जंतू तिथे मुक्काम करतात आणि वर मूत्राशयात शिरतात. पाळी गेल्यावर खरं इन्फेक्शन वारंवार होण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

अंगातून वाफा येणं, घाम फुटणं हे त्रास बहुतेक जणींचे काही वर्षांत कमी होतात. कोरडेपणाचं तसं नाही. इलाज केला नाही तर तो सहसा वाढत जातो. ‘थोडे दिवस सोस, जाईल आपोआप’ हा सल्ला इथे लागू पडत नाही.

पाळी गेलेल्या साधारण निम्म्या बायकांना यातला काही ना काही त्रास होतो. पूर्वी डॉक्टर याला नुसतं योनीमार्गाचं आकसणं म्हणायचे. त्यात लघवीचा उल्लेखच नव्हता. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ असं नवं नाव दिलं, थोडक्यात जीएसएम. नाव बोजड आहे खरं, पण त्यात एकदाची लघवी आली.

पाळी लवकर गेली असेल तर?

भारतात पाळी साधारण सेहेचाळिशी-सत्तेचाळिशीत जाते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. पण काही जणींच्या बाबतीत ती ऑपरेशन टेबलावर जाते. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन हळूहळू कमी न होता एकदम बंद होतं आणि त्रास लवकर, जास्त जोराने सुरू होऊ शकतो.

महाराष्ट्रात हा मुद्दा लांबचा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त जणींमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, त्यात चाळिशीच्या आतल्या बायकाही होत्या. बातम्या तेव्हा ऑपरेशनच्या झाल्या. त्यानंतरची वीस-तीस वर्षं त्यांच्या शरीरात काय होतं, यावर फारसं कुणी बोललं नाही. फडात संडासाची सोय नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लघवी धरून ठेवायची. त्यात जळजळ अजून वाढते.

ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी ऑपरेशनची फाइल शोधून अंडाशयं ठेवली होती की काढली, हे पाहून घ्यावं. पुढच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असू शकतो.

मग इन्फेक्शन आहे की नाही, हे कळणार कसं?

अंदाजाने कळत नाही. वारंवार त्रास होत असेल तर लघवीची कल्चर तपासणी करावी लागते, आणि तीही अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. कल्चरमध्ये जंतू आले तर कोणतं औषध त्याला लागू पडेल हेही कळतं. जंतू आले नाहीत आणि जळजळ मात्र आहे, तर कोरडेपणाचा संशय घ्यायला हवा. उलट, कसलाच त्रास नसताना रिपोर्टमध्ये जंतू दिसले तर बहुतेक वेळा औषधाची गरज नसते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

सोबत साखरही तपासून घ्यावी. मधुमेहात बुरशीचं इन्फेक्शन होऊन अशीच खाज येते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं त्या या. त्यांनी खाज वाढू शकते. गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

इलाज काय आहेत?

सुरुवात काहीतरी बंद करण्यापासून होते. सुगंधी साबण, जंतुनाशक द्रव, ‘इंटिमेट वॉश’ म्हणून विकली जाणारी उत्पादनं. जागा ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात उरलासुरला ओलावाही जातो. साधं पाणी पुरतं, तेही बाहेरूनच.

त्यानंतर योनीमार्गासाठीचं मॉइश्चरायझर. हे दर दोन-तीन दिवसांनी नेमाने लावायचं असतं. ल्युब्रिकंट वेगळं. ते फक्त संबंधाच्या वेळी वापरायचं. दोन्ही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतात, ऑनलाइनही. खोबरेल तेल अनेकजणी लावतात आणि काहींना बरंही वाटतं, पण साध्या लॅटेक्स कंडोमसोबत ते चालत नाही. तेलाने कंडोम फाटतो.

एवढ्याने भागलं नाही तर मूळ कारणावरचा इलाज म्हणजे इस्ट्रोजेन, जिथे कमी पडलंय तिथेच. क्रीम किंवा योनीमार्गात ठेवायची छोटी गोळी अशा रूपात ते येतं. भारतात इस्ट्रिऑलचं क्रीम मिळतं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. फरक जाणवायला दोन-तीन आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला तीन महिनेही लागू शकतात. आठ दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून ट्यूब कपाटात टाकणाऱ्या पुष्कळ असतात. आणि क्रीम बंद केलं की त्रास परत येऊ शकतो, कारण शरीरात इस्ट्रोजेन पुन्हा तयार होऊ लागलेलं नसतं.

लघवीच्या इन्फेक्शनवर याचा किती परिणाम होतो? १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या, पाळी गेलेल्या ९३ बायकांपैकी काहींना इस्ट्रिऑलचं क्रीम दिलं, काहींना औषध नसलेलं क्रीम. औषध नसलेल्या गटात प्रत्येकीला वर्षाला सरासरी ५.९ वेळा इन्फेक्शन झालं, इस्ट्रिऑलच्या गटात ०.५ वेळा. तीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. तरीही आज कित्येकींना सहावं अँटिबायोटिक मिळतं, पण क्रीमबद्दल कुणी विचारतही नाही.

पण हार्मोन म्हणजे कॅन्सर ना?

ही भीती आली कुठून, ते पाहायला हवं. २००२ मध्ये अमेरिकेत ‘वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र असलेली, पोटात घ्यायची गोळी होती. ती घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण काहीसं वाढलेलं दिसलं. त्यानंतर इस्ट्रोजेन असलेल्या सगळ्याच औषधांवर कडक इशारा छापला गेला, योनीमार्गातल्या क्रीमवरसुद्धा. पण कमी मात्रेचं क्रीम रक्तात अगदी थोडं उतरतं. डॉक्टर क्रीम देतात, बाई घरी येऊन आतला कागद वाचते आणि ट्यूब उघडतच नाही, असं वर्षानुवर्षं होत आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने हे इशारे काढायची प्रक्रिया सुरू केल्याचं जाहीर केलं.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. अशा वेळी आधी हार्मोन नसलेले उपाय करायचे. त्याने भागलं नाही तर क्रीमचा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा, विशेषतः लेट्रोझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर.

मोठ्या शहरांत लेझरने ‘योनीमार्ग पुन्हा तरुण’ करून देण्याच्या जाहिराती दिसतात. पैसे भरण्याआधी एक माहीत असलेलं बरं. अशा जाहिरातींबद्दल एफडीएने २०१८ मध्येच सावध केलं होतं, भाजणं आणि व्रण राहणं असे धोकेही सांगितले होते.

वाट पाहायची नाही अशा वेळा

पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर अंगावरून थोडंही रक्त गेलं, अगदी एक डाग, तरी लगेच तपासणी. ते कोरडेपणामुळेही असू शकतं, पण गर्भपिशवीचा कॅन्सर नाही ना हे आधी पाहावं लागतं. लघवीतून रक्त जाणं, थंडी वाजून ताप येणं, पाठीत कुशीकडे दुखणं, यातलं काही असेल तर घरगुती पाण्यावर दिवस काढू नयेत.

बाकी वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना वर्षभराच्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या आणि लघवीचे रिपोर्ट सोबत न्यावेत. तोंडाने सांगवत नसेल तर ‘कोरडेपणा, खाज, संबंधाच्या वेळी दुखतं’ एवढं कागदावर लिहून केसपेपरसोबत पुढे सरकवलं तरी चालतं.