आपल्या पेशी, परक्या पेशी

चोवीस जनुकांच्या यादीतून निवडलेली चार जनुके उंदराच्या प्रौढ पेशींत घातली, की त्या आपले ठरलेले काम विसरून भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींसारख्या वागू लागतात, हे शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ साली क्योटोत दाखवले. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते साधले. २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासह यामानाकांना नोबेल मिळाले. आयपीएस नावाच्या या मूलपेशींपासून हृदयाच्या, मेंदूच्या, डोळ्याच्या पेशी घडवता येतात आणि त्यासाठी भ्रूण मोडावा लागत नाही. लोकांच्या मनात मात्र दुसरेच आश्वासन भरले. रोग्याच्या त्वचेचा तुकडा घ्यायचा आणि त्यातून त्याचाच सुटा भाग बनवायचा, म्हणजे शरीराने तो परका म्हणून झिडकारण्याचा प्रश्नच नको. या विद्येने खरी मजल मारली ती हे आश्वासन बाजूला ठेवल्यावर, असे माझे मत आहे.

पहिली कसोटी कोबेत झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या दृष्टिपटलाखाली तिच्याच पेशींपासून वाढवलेला पातळ थर बसवला. थर टिकला, गाठ झाली नाही, नजर आणखी खालावली नाही. ती सुधारलीही नाही, आणि हे वाक्य बातम्यांत शोधावे लागे. त्या एका थराची तयारी आणि तपासण्या यांत जवळपास वर्ष गेले, खर्च सुमारे १० कोटी येन. दुसऱ्या रोग्याच्या पेशींत जनुकीय बदल आढळल्याने त्याची शस्त्रक्रिया थांबवावी लागली. अशा पेशींतून गाठ होण्याची भीती पोकळ नव्हती: मूळच्या चार जनुकांपैकी सी-मिक हे कर्करोगाशी जोडलेले जनुक आहे, आणि सुरुवातीच्या प्रयोगांत या पेशींपासून जन्मलेल्या काही उंदरांना गाठी झाल्या होत्या. रोगी बदलला की नव्या पेशी येतात आणि सगळ्या तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागतात. म्हणून २०१७ मध्ये त्याच गटाने निरोगी दात्यांच्या, आधीच तपासून साठवलेल्या पेशी वापरल्या. क्योटोतल्या कंपवाताच्या चाचणीतही दात्याच्याच पेशी होत्या. सात रोग्यांच्या मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशींची पूर्वरूपे सोडली. २०२५ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली औषध न घेतलेल्या अवस्थेतही सुधारल्या होत्या आणि गाठ कोणालाच झाली नव्हती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा हा पुरावा आशादायक आहे, निर्णायक नाही.

यावर कोणी २०२४ साली प्रसिद्ध झालेले चीनमधल्या त्यानजिनचे उदाहरण पुढे करील. टाइप-१ मधुमेहाच्या पंचविशीतल्या एका स्त्रीच्या पोटाच्या स्नायूत तिच्याच पेशींपासून केलेले इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके ठेवले आणि अडीच महिन्यांत तिचे इन्सुलिन सुटले. यश खरेच मोठे. पण यकृत-प्रतिरोपणामुळे ती आधीपासूनच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत होती. टाइप-१ मध्ये शरीर स्वतःच्याच इन्सुलिन-पेशींवर उठते. मग पेशी आपल्या आहेत, हे तिथे संरक्षण कसे ठरावे? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दात्याच्या पेशी घ्यायच्या तर औषधांचे ओझे येते. क्योटोत ती सव्वा वर्षाने थांबवता आली, पण मेंदू हा त्या बाबतीत सौम्य अवयव; हृदय वा स्वादुपिंडाबद्दल तसे गृहीत धरता येत नाही. जनुके कापून पेशी प्रतिकारशक्तीपासून लपवण्याचे प्रयत्न चालू आहेत. मात्र लपलेली पेशी बिघडली, तर तिला पकडणार कोण?

रोग्याच्या स्वतःच्या पेशींचे मोल काचेच्या तबकडीत अजून कमी झालेले नाही. जिवंत माणसाच्या मेंदूतून चेतापेशी काढता येत नाहीत, त्या त्याच्या रक्तातून घडवता येतात. एएलएस या चेतापेशी झिजवणाऱ्या आजाराच्या रोग्यांच्या अशा पेशींवर जुनी औषधे तपासताना जपानी संशोधकांना कंपवातावरचे रोपिनिरोल सापडले आणि ते रोग्यांवरच्या चाचणीपर्यंत पोहोचले.

भारतापुढचा प्रश्न निराळा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य उपचारांपलीकडे मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात. मूलपेशी-उपचारांच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात राहत नाही. दात्यांच्या पेशींचा साठा करायचा म्हटला तरी अडचण आहे. जपानने मोजक्याच दात्यांच्या पेशींतून सुमारे ४० टक्के लोकसंख्येच्या ऊतक-प्रकाराशी जुळणारा साठा केला. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने झालेल्या आपल्या देशात तितक्या दात्यांवर भागणार नाही, आणि जास्तीच्या प्रत्येक दात्यामागे तपासण्यांचा तोच खर्च पुन्हा करावा लागेल.