भातुकली मराठीत, मारामारी हिंदीत
पडद्यासमोरची मुलं : भाग ९

या आठवड्यात जाहिरातींवर लिहायचं कबूल केलं होतं. बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या टीव्ही जाहिरातींना स्वीडनने १९९१ पासून मनाई केली, तिथून सुरुवात करून आपल्याकडच्या चॉकलेट-नूडल्सपर्यंत यायचा बेत होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, जमलं तर. कारण मध्येच कल्याण पूर्वेहून एका आईचं पत्र आलं आणि ते माझ्या जुन्या खोडीवर नेमकं बोट ठेवणारं निघालं.

त्या लिहितात : मुलगी साडेपाच वर्षांची. घरात सगळे मराठी बोलणारे, मुलगीही आमच्याशी स्वच्छ मराठी बोलते. पण बाहुल्या मांडून बसली की बाहुल्या हिंदी बोलायला लागतात, तीही डोरेमॉन कार्टूनमधली, त्याच हेलात. टीव्ही बंद करू का? आणि खाली ताजा कलम : बाहुल्यांना रागवायची वेळ आली की मात्र ती मराठीत रागावते.

पत्रापेक्षा मला हा ताजा कलम मोलाचा वाटला. पत्रात तक्रार आहे, ताज्या कलमात निरीक्षण आहे.

गेल्या भागातला मानसशास्त्रज्ञ बंडुरांचा बोबो बाहुलीचा प्रयोग आठवून पाहा : मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना बघून मुलंही तिला हाणू लागली होती. तिला हाणणाऱ्या मुलांवर वाचकांनी भरभरून लिहिलं, पण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून निसटली. मोठ्या माणसाने बाहुलीला मारताना जे शब्द उच्चारले होते, तेही मुलांनी जसेच्या तसे उचलले होते. १९६१ च्या त्या प्रयोगात शब्दांची वेगळी नोंद ठेवलेली आहे. १९६३ साली हाच प्रयोग फिल्म दाखवून, आणि काळ्या मांजराचा वेष घातलेली बाई कार्टूनसारखी दाखवून पुन्हा केला, तेव्हाही मुलांनी नक्कल केलीच. म्हणजे कृती आणि तिच्याबरोबरचं बोलणं मूल एकत्रच उचलतं. लाथ घेतली तर लाथेबरोबरचं वाक्यही घेतलं.

मग टीव्ही भाषा शिकवतो असं म्हणायचं का? इथे जरा थांबावं लागतं. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ चा एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या इंग्रजी घरांमधली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून, खेळणी दाखवत, पुस्तक वाचत बोलली. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. समोरासमोर ऐकलेल्या बाळांना चिनी भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यावाल्या बाळांना काहीही आलं नाही. एवढ्या लहान वयात पडदा भाषेचा मास्तर होऊ शकत नाही, हे त्यातून बऱ्यापैकी स्पष्ट झालं.

पाच वर्षांच्या मुलीची गोष्ट वेगळी, हे खरं. तिला भाषा म्हणजे काय ते ठाऊक आहे. तरीही तिला हिंदी एकट्या डोरेमॉनने शिकवली असं मी मानणार नाही. कल्याण पूर्वेत हिंदी कुठे नाही? भाजीवाला, वॉचमन, रिक्षावाला, खालच्या मजल्यावरची गोरखपूरकडची मुलं, उल्हासनगरहून येणारे सिंधी दुकानदार. ठाण्याला घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये किंवा डोंबिवलीजवळच्या पलावात तर लिफ्टमध्येच चार भाषा भेटतात आणि खाली ग्राउंडवर पोचेपर्यंत त्यांची एक हिंदी होते. हिंदी मुलीला आजूबाजूच्या माणसांनी दिली. टीव्हीने दिली ती पात्रं.

आणि पात्रांना वेळही भरपूर मिळतो. आपल्याकडे शाळा सुटल्यापासून आई लोकलमधून उतरेपर्यंत मधले काही तास असतात. ते पाळणाघरात जातात किंवा आजीजवळ, आणि दोन्हीकडे टीव्ही चालू असतो. पाळणाघरवाल्या काकूंना मी दोष देणार नाही. आठ मुलं, दोन खोल्या, संध्याकाळची वेळ; टीव्ही लावू नका असं सांगणाऱ्याने एक संध्याकाळ तिथे बसून दाखवावं.

आता माझी खोडी. सोसायटीच्या बाकावर पेपर उघडून बसायचं आणि पेपर न वाचता मुलांचा खेळ ऐकायचा, हा माझा जुना धंदा. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. मुलं संवाद हिंदीत म्हणतात, पण दिग्दर्शन मराठीत करतात. ‘तू हरवलेला असतोस हं, आणि मी तुला शोधत येतो,’ हे मराठीत. मग शोधणारा आला की तोंड उघडतो ते हिंदीत. मध्येच कुणी चुकलं की ‘ए, असं नाही, तू आधी मरायचं,’ हे पुन्हा मराठीत. मरणारा मात्र हिंदीत मरतो.

हे आपलंच वैशिष्ट्य असेल असं वाटत असेल तर नॉर्वेकडे बघा. तिथल्या उत्तरेकडच्या नि पश्चिमेकडच्या गावांतली मुलं घरात गावची बोली बोलतात. खेळात भूमिका घेतली की राजधानी ऑस्लोकडच्या वळणाने बोलू लागतात, आणि भूमिकेतून बाहेर येऊन सूचना द्यायची झाली की परत गावची बोली. कार्टून प्रमाण अरबीत डब होऊन आल्यामुळे अरब देशांतली मुलं खेळता खेळता घरात कुणीच बोलत नाही अशी ग्रांथिक अरबी बोलतात. जपानी कार्टूनमधला फुटबॉलपटू त्सुबासा तिकडे कॅप्टन माजिद झाला तो त्या अरबीसकट.

पण सगळं खापर पडद्यावर फोडता येत नाही. एमी पॉ या संशोधिकेने कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर एक मजा नोंदवली आहे. तिथे आईबाप मुलांना पात्वा ही गावची भाषा बोलू देत नाहीत, इंग्रजीच बोला म्हणतात. मुलंही मोठ्यांसमोर इंग्रजीच बोलतात. पण आपापसात खेळताना बसचा ड्रायव्हर किंवा शेतकरी झाली की थेट पात्वा. कारण त्यांनी पाहिलेले ड्रायव्हर पात्वा बोलतात. इथे टीव्हीचा संबंधच नाही. मूल भूमिकेबरोबर तिची भाषाही अंगावर चढवतं. पडदा येण्याआधीही ते हेच करत होतं. पडद्याने फक्त कोणत्या भूमिका हाताशी असतील, हे ठरवायला घेतलं.

आपल्याकडे ते ठरवणं डोरेमॉनच्या कितीतरी आधी सुरू झालं. १९७५ ला ‘शोले’ आला, त्याच्या संवादांच्या रेकॉर्डी निघाल्या, गणपतीच्या मांडवात लाउडस्पीकरवर त्या वाजायच्या. नौपाड्यातल्या ज्या पोरांना सिनेमाचं तिकीट परवडत नव्हतं त्यांनाही गब्बर पाठ होता. जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं आणि खराट्याच्या काड्यांचे बाण घेऊन डोंबिवलीच्या चाळींतले मराठी राम-लक्ष्मण एकमेकांना ‘भ्राताश्री’ म्हणू लागले. हा शब्द त्यांच्या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. १९९३ मध्ये रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ आलं, त्यात शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. मराठी माणसाचा आवाज, पण वाघ हिंदीच. मग ‘शक्तिमान’. २००५ च्या सुमारास डोरेमॉन, पाठोपाठ शिनचॅन. ओळ लावून पाहा : डाकू, देव, वाघ, महामानव, रोबोट. सगळे हिंदी.

मराठीकडे त्या काळात काय होतं? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यावर ‘किलबिल’ लागायचं. मुलं ते आवडीने बघायची, त्यातली गाणी म्हणायची. पण ‘किलबिल’मधलं अमुक एक पात्र होऊन अंगणात कुणी खेळल्याचं मला आठवत नाही. मुलांना खेळायला पात्र लागतं, शक्यतो थोडं वाईट. गुणी मुलांची भूमिका कुणालाच नको असते.

म्हणून मला तो ताजा कलम टोचला. भातुकली मराठीत, डॉक्टर-डॉक्टर मराठीत, शाळा-शाळा हल्ली बहुतेक इंग्रजीत, आणि उडणं, लढणं, वाचवणं, अदृश्य होणं हिंदीत. मराठीच्या वाट्याला पोळ्या लाटणं आणि रागावणं आलं. मुलीला हिंदी येते याची काळजी मला वाटत नाही; ती येणारच होती, आणि येऊ दे. तिच्या बाहुल्यांच्या जगात मराठी बोलणारी व्यक्ती एकच आहे, आई, आणि तीही चिडलेली, याची वाटते.

बंदी हा त्यावरचा उपाय आहे का? बांगलादेशाने करून पाहिला. मुलं हिंदी बोलू लागली म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या सरकारने हिंदी डोरेमॉन दाखवणाऱ्या वाहिन्या बंद केल्या. पण त्यापुढचं पाऊल मला जास्त महत्त्वाचं वाटतं : तोच डोरेमॉन पुढे बंगालीत डब होऊन आला. आपल्याकडे शिनचॅनवर २००८ मध्ये बंदी आली होती ती उद्धटपणासाठी, भाषेसाठी नव्हे; काटछाट होऊन तो वर्षभरात परतला, उद्धटपणा बराचसा शाबूत.

मराठी पात्रं दिली तर मुलं घेतात, याचे दाखले आहेत. २००८ च्या अखेरीस स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ सुरू झाली, नंतर झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’. त्या वर्षांत दिवाळीच्या किल्ल्यांभोवती जी मराठी ऐकली ती घरातलीही नव्हती आणि पुस्तकातलीही नव्हती, थेट दरबारातली होती. खडकपाड्याच्या एका सोसायटीत किल्ल्याचा पहारेकरी म्हणून उभा होता तो मुलगा घरी भोजपुरी बोलणारा. दरवाजा उघडायला तो मराठीतून नकार देत होता, आणि काय ऐटीत! २०१८ मध्ये मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा रंगमंचावर आलं, वैभव मांगले चेटकीण झाले. गडकरी रंगायतनमधून बाहेर पडणारी पोरं जिन्यावरच चेटकिणीसारखी हसत होती. तिथे राजा, राजकन्या कुणालाच व्हायचं नव्हतं. मराठी बोलणारी एक झकास दुष्ट बाई मिळाली होती.

कार्टूनला मराठी आवाजाचा पर्याय अलीकडे काही वाहिन्यांनी दिला आहे. त्याचं स्वागत, पण त्यातली बरीच भाषांतरं बालभारतीच्या धड्यासारखी बोलतात. डोरेमॉनमधल्या जियानने नोबिताला बदडताना ‘मी तुला सोडणार नाही’ असं शुद्ध, संथ म्हणून कसं चालेल? डोंबिवलीतला कुठलाही तिसरीतला मुलगा त्याहून बरं वाक्य फुकट लिहून देईल.

तेव्हा त्या आईंना उत्तर : टीव्ही किती वेळ चालावा हा स्वतंत्र प्रश्न आहे, त्यावर चौथ्या भागात लिहिलं आहे. भाषेसाठी तो बंद करू नका. त्याऐवजी एक बाहुली तुम्ही घ्या. ती चोर असू दे, चेटकीण असू दे, उडणारी असू दे. समजूतदार मात्र नको. आणि ती मराठीत बोलू दे. मुलगी सुरुवातीला ‘आई, ही हिंदीत बोलते’ म्हणून तुम्हाला दुरुस्त करेल. ऐकू नका.

बाकीच्या वाचकांना एक काम. तुमच्या गच्चीवर, जिन्यात, ग्राउंडवर मुलं कोणत्या भाषेत खेळतात ते ऐकून कळवा. पत्रात मुलांचं वय, कोण कोण कशाची भूमिका करत होतं आणि खेळ मोडून खरं भांडण लागलं तेव्हा भाषा कोणती होती, एवढं लिहा. मुलांना विचारून लिहू नका. विचारलं की ती मोठ्यांना हवं ते उत्तर देतात.